कॉफी झाली

हिल्काने पिल्लाबरोबर एक फडकं दिलं होतं,
त्याच्या आईच्या अंगाखालचं.
वास मारत होतं.
घरी आल्या आल्या मी ते धुतलं, साठ डिग्रीवर,
हीटरवर वाळवलं, घडी घालून
टोपलीत ठेवलं, माझ्या मते पाहुणचार म्हणून.
पिल्लू रात्रभर रडलं.

कपाटात सिल्वीचा स्वेटर आहे,
सहा वर्षं मी तो पाण्याला लावलेला नाही.
तरी हे माझ्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या रात्री त्याला सौनाच्या बाहेरच्या खोलीत ठेवलं,
दार लावून घेतलं. म्हटलं, शिकेल.
तिसऱ्या रात्री मीच शिकलो:
गादी फरफटत नेली आणि त्याच्या शेजारी
लाकडी फळ्यांवर आडवा झालो,
एकाहत्तराव्या वर्षी, पाठीचा पट्टा बांधून.

रंगाने पावासारखा, वेलची घातलेल्या गोड पावासारखा,
म्हणून नाव पुल्ला.

डिसेंबरात केमीत दुपारी दोनला दिवे लागतात.
करमणूक काय, तर तो माझे मोजे ओढायचा
आणि मी हसायचो. खूप हसायचो.
फेब्रुवारीत त्याच दातांनी
जिन्यातल्या वुओक्कोबाईंची पँट धरली.
तो माझ्याकडे बघत होता, शेपूट हलवत,
नेहमीचं हसू मागत.
मी वर्तमानपत्राची सुरळी उगारली.

गालिच्यावर मुतला तर नाक तिथेच दाबायचं,
आमच्या वेळी हेच शास्त्र होतं.
तोही शिकला: मुतायचं ते
म्हाताऱ्याची पाठ वळली की, सोफ्यामागे.

आणि नाव. दिवसातून चाळीसदा नाव घ्यायचो.
पुल्ला, नको. पुल्ला, सोड ते.
पुल्ला, काय केलंस हे, पुल्ला!
नाव कसलं, दार आपटल्याचा आवाज.

मार्चमध्ये समुद्र अजून गोठलेला होता.
पट्टा हातातून निसटला आणि तो बर्फावर धावत सुटला,
बर्फफोड्या जहाजाने कापलेल्या काळ्या वाटेकडे.
मी ओरडलो: पुल्ला!
त्याने कान पाडले. आणखी लांब गेला.
पुल्ला! आणखी लांब.
माझा प्रत्येक शब्द त्याला मागून ढकलत होता.

खालच्या मजल्यावरची ईता, नऊ वर्षांची,
बर्फात त्याच्याकडे पाठ करून बसली,
आणि खिशातली राईची भाकरी काढून
स्वतःच खाऊ लागली, जोरात कुरकुर आवाज करत.
तो आला. आधी वळसा घालून, मग सरळ,
मग तिच्या काखेत नाक खुपसून.
पट्टा माझ्या हातात देताना तिने विचारलं,
'तुम्ही त्याला रागवायलाच बोलावता ना?'
तक्रार नव्हती त्यात. तिला फक्त माहीत करून घ्यायचं होतं.

माझे वडील नदीवर ओंडके वाहून नेत.
एका काठावरून दुसऱ्या काठाला ऐकू जाईल असा गळा.
'कौको!' म्हणाले की मी
भूर्जांच्या झाडीत पळायचो, काय चुकलं ते न आठवता.
आमच्या भाषेत कौको म्हणजे दूर.
नाव ठेवताना त्यांनी विचार केला नसेल,
आणि मी नावाला जागलो.

सिल्वीने लग्नानंतर चारच महिन्यांत ओळखलं.
मला तिने कधी हाक मारली नाही.
कपावर चमचा वाजवायची, म्हणायची, कॉफी झाली.
मी तळघरात असो, होडीखाली असो,
हात पुसत यायचो.

आता नाव मी जपून वापरतो,
सॉसेजचा तुकडा हातात असेल तरच.
रागवायचं झालं तर गप्प बसतो,
किंवा जाऊन लाकडं फोडतो.
टेबलाचा एक पाय त्याने तरीही खाल्ला आहे,
मी खाली पुठ्ठा सारलाय, चालतं.

पण काल तो दूर बांधावर होता,
वास घेत, माझा अजिबात नसलेला.
थर्मासच्या झाकणावर मी किल्ली वाजवली,
आणि घशात अडकलं थोडं, पण म्हटलं,
कॉफी झाली.



त्याने मान वर केली.